नवव्या मजल्यावरचा दिवस

विनीताच्या सासूबाईंनी आयुष्यात कुणाचं मुकाट्यानं ऐकलं असेल तर ते फक्त सूर्याचं. सासऱ्यांचं ऐकलं नाही, डॉक्टरांचं ऐकलं नाही, मुलाचं तर लांबच राहिलं. पण तो पश्चिमेला टेकायला लागला, की विजयाबाई मगदूम हातातलं काम टाकून पानावर बसत आणि तो बुडायच्या आत आचवून उठत. जैनाच्या घरात रात्री न जेवणं ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. सांगलीकडे त्यांच्या गावात निम्मी आळी तसंच करायची. पण बाकीच्यांच्या नेमाला सवलती असत. लग्नघर आहे, प्रवास आहे, ताप आलाय. बाईंच्या नेमाला तसली एकही फट नव्हती. यशोधनच्या वेळी दिवसभर कळा सोसून संध्याकाळी मोकळ्या झाल्या, तेव्हा सुईण म्हणाली, आता दोन घास खाऊन घ्या. त्यांनी तिला आधी दार उघडून बाहेर बघायला लावलं. अंधार पडला होता. ती रात्र त्यांनी उपाशी काढली. लग्न झाल्या झाल्या विनीतानं ही गोष्ट ऐकली तेव्हा तिला ती अघोरी वाटली होती. पुढे तिला स्वतःला श्रुती झाली, तेव्हा मात्र ती आठवून तिला नुसतं नवल वाटत राहिलं, की एवढं बळ या बाईत येतं कुठून.

सासरे गेल्यावर विजयाबाई गावच्या घरी एकट्याच राहत. पलीकडच्या गल्लीत भास्कर नावाचा एक भाचा होता, तो आला तर यायचा. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या अंगणात पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि कुणी हाक ऐकेपर्यंत अर्धा दिवस तशाच पडून होत्या. तेव्हा मात्र यशोधननं विचारणं सोडून दिलं आणि आईला थेट लखनौला घेऊन आला.

तो रेल्वेत इंजिनिअर, विनीता एका शाळेत फिजिक्स शिकवायची. बरीच वर्षं इंदिरा नगरला भाड्यानं राहून त्यांनी नुकताच जानकीपुरमच्या टोकाला फ्लॅट घेतला होता. तिकडे वस्ती तेव्हा विरळ. भाताच्या शेतांच्या कडेला ही दहा मजल्यांची एकच इमारत उभी होती आणि यांचं घर नवव्या मजल्यावर. लाइट गेली की लिफ्ट बंद आणि लिफ्ट बंद की घर म्हणजे गिरनार. पण बाल्कनी पश्चिमेला होती, आणि समोर नजर थकेपर्यंत सपाट शेतं. टेकडी नाही, ऊस नाही, काही नाही.

"सूर्य बघायला बाकी जागा छान शोधलीस हो," सासूबाई पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. त्यांनी कुणाचं कौतुक करावं ही घटना एवढी दुर्मिळ, की यशोधननं ते वाक्य दोन दिवस घरात मिरवलं.

बाल्कनीतच त्यांचा पाट मांडला गेला. विनीता शाळेतून आली की हातपाय धुऊन पहिली भाकरी त्यांच्यासाठी टाकायची. गार भाकरी त्यांना चालत नसे असं नाही, पण सुनेच्या हातची तव्यावरची भाकरी खायची म्हणून त्या थांबत. कधी बसमुळे विनीताला उशीर व्हायचा, मग शेवटचा घास आणि सूर्याची शेवटची लाल कड यांची शर्यत लागायची. बाईंचा एक डोळा ताटावर, एक आभाळावर. "आजी, जल्दी! बस, जा रहा है!" असं श्रुती ओरडायची. चौदा वर्षांच्या या नातीला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदी. घास संपायचा, मग सूर्य बुडायचा, आणि तिघी हसायच्या. बाई जिंकल्या नाहीत असा एकही दिवस गेला नाही.

तळमजल्यावर सरोजजी राहत. त्या इथल्याच, लखनौच्या जैन, आणि त्याही दिवसाउजेडी जेवणाऱ्या. देवळात ओळख झाली आणि आठवड्याभरात दोघींचं मेतकूट जमलं. एकीची हिंदी लखनवी, दुसरीची सांगलीची. पण धर्म एक आणि गुडघ्यांची तक्रारही एकच, त्यामुळे बोलायला काही कमी पडलं नाही.

एक दिवस सरोजजी देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "अम्माजी, बुरा मत मानिएगा. कल शाम मैं खेत की तरफ़ टहल रही थी. सूरज डूब गया, मैंने हाथ जोड़े. पलटकर ऊपर देखा तो आप बालकनी में खाना खा रही थीं."

सरोजजी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, आणि वाकड्यात शिरणाऱ्याही नव्हत्या. म्हणूनच ते वाक्य विजयाबाईंच्या काळजात रुतलं. त्या संध्याकाळी त्या पाटावर बसल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना समोर बसवून त्यांनी निकाल दिला. नवव्या मजल्यावर जितके दिवस असं जेवण झालं, तितके दिवस एकाशन. म्हणजे दुपारी एकदा जेवायचं, पुन्हा तोंडात काही नाही. आणि तिकीट मिळेल तेव्हा गावी परत.

"ज्या घरात दिवस कुठं संपतो ते कळत नाही, त्या घरात मी कशी राहू?"

"आई, अगं तिथे आहे कोण तुला बघायला?" यशोधन कळवळून म्हणाला.

"घर आहे की. माझ्या दारातनं दिवस बुडताना सरळ दिसतो."

यशोधननं हात टेकले. पुष्पक एक्सप्रेसचं तिकीट काढलं, आणि आपण ते काढलं याचा राग सगळ्या जगावर काढत तो घरात फिरू लागला. इकडे एकाशनाचे दिवस सुरू झाले. बाईंना साखरेचा आजार. गोळी घ्यायची आणि संध्याकाळी पोटात काही नाही, असं किती दिवस चालणार? चौथ्या दिवशी त्या न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन भिंतीला धरून बसल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की हे असंच चाललं तर पुढच्या वेळी भिंत सापडणार नाही.

विनीताला रात्री झोप लागेना. भाकरी उशिरा होत होती ती तिच्यामुळे. एवढ्या वर्षांचा नेम, बाळंतपणात न मोडलेला, आणि तो मोडल्याचा डाग तिच्या स्वयंपाकघरात लागला होता. गंमत म्हणजे डाग लागलेलाच नव्हता, आणि हे घरात फक्त तिला कळत होतं. शाळेत दरवर्षी फळ्यावर ती हेच शिकवत होती. जमिनीवरचा माणूस आणि उंचावरचा माणूस, दोघांचा सूर्यास्त एका वेळी होत नाही. उंचावरच्याला तो जरा उशिरा मावळतो.

तिनं सांगायचा प्रयत्न केला. ओट्यावर तांबडा भोपळा होता, तो घेऊन सासूबाईंपुढे बसली.

"आई, ही पृथ्वी समजा. आणि ह्या इथे, भोपळ्यावर, एक मुंगी बसलीय."

"मुंगी कुठाय?" विजयाबाई पुढे वाकल्या. "आधी तिला बाजूला काढ. चिरायचाय ना तो?"

"नाही हो आई, नुसतं समजायचं."

"समजायची तरी मुंगी कशाला? मोहरी घे."

विनीतानं मोहरी घेतली. भोपळ्यावर ठेवली, ती घरंगळली, पुन्हा ठेवली. मोहरीला भोपळ्याची पाठ जवळपासचीच दिसते, पुढची उताराआड जाते. तीच मोहरी काडीच्या टोकावर उंच धरली तर तिला उताराच्या पलीकडचंही दिसतं. शेतात उभ्या माणसाला जमीन चार-साडेचार किलोमीटरवर संपलेली दिसते, आपल्या बाल्कनीतून तीच एकोणीस-वीस किलोमीटरवर संपते. म्हणून खाली बुडालेला सूर्य वर थोडा वेळ असतो. सरोजजींना बुडालेला दिसला ते खरं, आणि तुम्हाला होता तेही खरं.

श्रुतीला राहवेना. "और आजी, असल में तो सूरज पहले ही डूब चुका होता है! हवा रोशनी को मोड़ देती है, इसलिए हमें..."

विनीतानं तिला असा चिमटा काढला, की पोरगी वाक्य गिळून गप्प बसली. ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. पण हवेमुळे सूर्य बुडाल्यावरही दिसतो, हे आत्ता सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी दुपारच्या जेवणावरही संशय घेतला असता. शास्त्र कितीही खरं असलं तरी कोणतं पान आधी उघडायचं याला अक्कल लागते.

विजयाबाईंनी भोपळा शांतपणे उचलून बाजूला ठेवला. "पृथ्वी गोल आहे ते मला ठाऊक आहे, विनीता. मी चौथीपर्यंत शिकलेय. पण तू सून आहेस. मी इथून जाऊ नये, उपाशी राहू नये म्हणून तू बोलणार, आणि माझ्या जिवासाठी बोललेलं मी कसं प्रमाण मानू? मला हवं तेच तू सांगतेयस, म्हणून तर भीती वाटते. डोळ्यांनी दाखव. आणि सरोजला पण दिसू दे."

विनीतानं मोहरी डब्यात परत टाकली. तिच्या प्रयोगशाळेत वर्षाला शंभर मुलं यायची. हवं ते उत्तर आलं की वहीत उतरवून मोकळी व्हायची. आपल्याला हवं तेच उत्तर आलं म्हणून त्यावर संशय घेणारा विद्यार्थी तिला आजवर भेटला नव्हता. तिला त्या क्षणी सासूबाईंना वाकून नमस्कार करावासा वाटला. केला नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, आज काय सण आहे.

पण दाखवायचं कसं? खाली उभं राहावं तर वरचं दिसत नाही, वर जावं तर खालचं दिसत नाही. लिफ्टनं धावावं, तर सगळा फरक अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. दोन दिवस तिनं त्याच्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी केस विंचरताना ती आरशासमोर कंगवा हातात धरून थांबली, आणि मग मोठ्यानं श्रुतीला हाक मारली.

गाडीला तीनच दिवस उरले होते. एक संध्याकाळ पश्चिमेच्या ढगांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी सर येऊन गेली आणि सगळी धूळ खाली बसली. लखनौचं एरवी मळकट असणारं क्षितिज धुतल्यासारखं स्वच्छ झालं. विनीता शाळेतून धावतच आली. भिंतीवरचा आरसा उतरवून श्रुतीला गच्चीवर पाठवलं. सासूबाई आणि सरोजजी यांना घेऊन ती शेताच्या बांधावर गेली. बाईंनी दुपारनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पाय जपून टाकत होत्या, पण विनीताचा हात काही धरेनात.

मागे इमारत, पुढे भाताची शेतं. सूर्य खाली उतरला, जमिनीला टेकला, चपटा झाला. फळ्यावर हे गणित विनीतानं कितीदा सोडवलं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आरसा नीट धरला जाईल का? शेवटच्या एवढ्याशा कडेचा उजेड इथवर पोचेल का? नाही पोचला, तर या बाईंना थांबवायला तिच्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

लाल कड राहिली. मग रेघ राहिली. मग तीही गेली.

"डूब गया," सरोजजी म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

"बुडाला," विजयाबाई म्हणाल्या.

"आता मागे वळा, आई."

दोघी वळल्या. इमारतीचे खालचे मजले राखाडी पडले होते. पण वरच्या खिडक्यांना अजून तांबूस उजेड होता, आणि सगळ्यात वर, गच्चीच्या कठड्यावर, लालभडक उजेडाचा एक ठिपका जळत होता. तो हलला, विझला, पुन्हा पेटला. श्रुती आरसा तिरपा करत होती. पुढच्या क्षणी तो उजेड सरळ तिघींच्या अंगावर आला. विजयाबाईंचा चेहरा, त्यांचं पांढरं लुगडं, सगळं क्षणभर लालसर झालं. त्यांच्या पाठीमागे सूर्य नव्हता. समोर होता.

"णमो अरिहंताणं..." त्यांच्या तोंडून आपोआप णमोकार मंत्र सुरू झाला. एकदा संपला, तरी ठिपका होता. त्यांनी दुसऱ्यांदा सुरू केला. सरोजजीही त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागल्या. उजेड एकेक खिडकी सोडत वर सरकत होता, घरांच्या भिंतीवरून खुद्द पृथ्वीची सावली चढत होती. दुसऱ्यांदा मंत्र संपत आला तेव्हा आरशातला ठिपका बारीक झाला आणि विझला. मग सगळी इमारतच राखाडी झाली.

विनीताचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं तिनं हे शिकवलं, आणि हे इतकं सुंदर असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"अम्माजी," सरोजजी हळूच म्हणाल्या, "उस दिन मैं भी सच थी, आप भी सच थीं."

"हाँ. दोनों का दिन अलग था," विजयाबाई म्हणाल्या. मग विनीताकडे वळल्या. एवढंच म्हणाल्या, "उद्या मला गच्चीवर जायचंय. वरनं बघायचंय."

गावी जाण्याबद्दल चकार शब्द नाही. रात्री यशोधननं विचारून पाहिलं, तर म्हणाल्या, "उद्या बघू." यशोधन बायकोला म्हणाला, "काय वाटतं?" विनीता म्हणाली, "फिजिक्स विचार, सांगते. तुझी आई मला विचारू नको."

दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर निघून तिनं भाकरी, दोडक्याची भाजी, डाळीची आमटी असं ताट तयार केलं. सासूबाई दुपारीच खाली सरोजजींकडे जाऊन बसल्या होत्या. विनीतानं मनाशी ठरवलं होतं: खाली दिवस बुडाला, की वरच्या दिवसात, डोळ्यांदेखत, आईंना पहिला घास घ्यायला लावायचा. मग पुन्हा कधी शंका नको. सरोजजी बांधावर उभ्या राहून पदर हलवून खूण करणार होत्या. विजयाबाई अगदी शेवटी श्रुतीचा हात धरून गच्चीवर आल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

शेतं पार दूरपर्यंत पसरली होती. सूर्य टेकला, निम्मा झाला, चिमूटभर राहिला. खाली बांधावर सरोजजींचा पदर हलला.

"आई, खाली बुडाला!" विनीतानं ताट पुढे केलं. "वर आहे अजून. घ्या घास."

विजयाबाईंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, जातोय हो. घ्या ना."

त्या तशाच उभ्या. चेहऱ्यावर तो लाल उजेड, ओठ किंचित उघडे, डोळे मिटत नव्हते. विनीतानं ताट मागे घेतलं. म्हणजे पटलंच नव्हतं. भोपळा गेला, आरसा गेला, सगळं वाया. आता एकाशन चालू राहणार, उद्या गाडी, आणि परवा गावचं ते कुलूपबंद घर आणि ते अंगण.

कड बारीक झाली. गेली. विजयाबाईंनी हात जोडले आणि एक दीर्घ श्वास सोडला.

"का हो आई?" विनीतानं विचारलं. "अजून विश्वास नाही बसला?"

"बसला की. काल बांधावरच बसला. म्हणून तर आज एकाशन मोडलं. मी जेवून आलेय."

"जेवून? कुठे?"

"खाली, सरोजकडे. खालचा दिवस होता तोवरच. पोळी बरी करते ती, भाजीत मात्र साखर घालते." त्यांनी ताटावर हात ठेवला. "हे श्रुतीला दे. आणि यशोधनला सांग, तिकीट परत कर म्हणावं. मी राहतेय."

विनीताला हसावं की रडावं ते कळेना. तिनं ताट कठड्यावर ठेवून डोळे पुसले. पण तिच्यातली मास्तरीण गप्प बसेना. "पण मग तुम्ही वर का नाही जेवायचं, आई? वरचा दिवस खरा आहे, तुम्हीच म्हणालात. नेमात बसतं. घाई न करता, माझ्या हातची गरम भाकरी..."

विजयाबाईंनी पश्चिमेकडे मान वळवली. तिथं आता नुसता केशरी रंग उरला होता.

"सरोज खाली राहते, तिच्यापेक्षा मला रोज एवढा दिवस जास्त मिळतोय, विनीता. ह्या वयात," त्या म्हणाल्या. "तो काय चावण्यात घालवू?"